मोटार बघून झाली का?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही. शाळेबद्दल लिहायचं म्हणजे माझ्यासाठी ड्रॉइंगसरांबद्दल लिहायचं. बाकीच्या गुरुजनांचं ऋण आहेच, त्यांच्याविषयी इतर मित्र लिहितील. मी सरांवरच लिहिणार.

सरांचा आगफा क्लिक थ्री कॅमेरा तुम्हाला आठवत असेलच. बडोद्याला बनलेला, चामडी पाकिटातला. १२० नंबरचा रोल आणि त्यात बारा फोटो. एकेक रोल सर दोन-दोन महिने पुरवत. लॅबमागच्या अडगळीच्या खोलीत, लाल कागद गुंडाळलेल्या दिव्याखाली ते स्वतः फोटो धूत आणि एखाद्या नशीबवान मुलाला ट्रे हलवायला मिळे. तो मान मला मिळाला. कोऱ्या कागदावर आधी काळी टोपी उमटायची, मग भुवया, मग हळूहळू सगळा माणूस वर यायचा. फोटो धुण्याच्या हायपो रसायनाचा तो आंबूस वास अजून नाकात आहे.

१९६९ साली गंगेला, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीला, महापूर आला तेव्हा सगळं गाव नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला लोटलं होतं. सरांनी त्या दिवशी एक अख्खा रोल संपवला, पण पुराचा फोटो त्यात एकच. उरलेले अकरा पूर बघायला आलेल्या माणसांचे: छत्री धरलेली आजी, बापाच्या खांद्यावरचं पोर, सायकलला दुधाचे कॅन अडकवून तसाच थांबलेला गवळी. असे होते आपले सर.

आता तो प्रसंग सांगतो. २६ जानेवारी १९७२, मी आठवीत. झेंडावंदनाचे पाहुणे काळ्याभोर फियाटमधून आले. अकराशे डिलाइट मॉडेल. पोर्चसमोर ती उभी राहिली आणि आम्ही पोरं मुंग्यांसारखी भोवती जमलो. सरांनी गर्दीतून मलाच हाक मारली. "अरे, ते दार जरा पूस. धुळीने पार भरलंय." मी सदऱ्याच्या टोकानं दार असं घासलं की आईनं संध्याकाळी तो सदरा धुताना मला चार शब्द ऐकवले. वाटलं, आता आपला मोटारीबरोबर फोटो निघणार. बॉनेटवर हात ठेवून ताठ उभा राहिलो. सर म्हणाले, "तिथं नको. इकडे माझ्याजवळ ये, शेजारी उभा राहा." आणि त्यांनी नुसत्या मोटारीचा फोटो काढला.

फार लागलं मला ते. आठ दिवसांनी फोटो धुतला, तेव्हा मागच्या बाजूला मी रागारागात बॉलपेननं तारीख दाबून लिहिली. शाई पुढच्या बाजूला फुटली. सर रागावले नाहीत. खिशातली मऊ पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "फोटोच्या पाठीवर नेहमी पेन्सिलनं लिहावं, तेही कडेला, हलक्या हातानं." मी कुरकुरलो, "सर, दार मी पुसलं, पण फोटोत मी नाही." तेव्हा ते म्हणाले, "मोटार बघून झाली का? आता मोटारीमागे बघ."

मोटारीमागे नळ होता आणि ओंजळीनं पाणी पिणाऱ्या दोन मुली. घंटेचा हातोडा हातात घेऊन उभे असलेले शिपाईकाका. फाटकाबाहेर टांगा, घोड्याच्या तोंडाला तोबरा. आणि मोटारीचे दोन्ही दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले. डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं, रात्री शत्रूच्या विमानांना उजेड दिसू नये म्हणून ब्लॅकआउट होता. एका बाजूला ओझरचा मिग विमानांचा कारखाना, दुसरीकडे देवळालीची छावणी आणि नोटांचा छापखाना, म्हणून आपल्याकडे त्याची कडक अंमलबजावणी असे. युद्ध १६ डिसेंबरला संपलं होतं, पण तो काळा रंग कुणी खरवडला नव्हता. सर म्हणाले, "पाठीवर तारीख नसती, तरी या दिव्यांनी ती सांगितली असती."

त्या एका वाक्यावर माझं उभं आयुष्य गेलं. सातपूरच्या कारखान्यात नोकरी केली, पण रविवार जुन्या फोटोंचा. निवृत्तीनंतर तर रोजच. पंचवटीतले, भद्रकालीतले, सराफ बाजारामागचे वाडे उतरवायला निघतात, तेव्हा मी तिथे जाऊन आल्बम मागतो. आजवर अडीच हजारांवर फोटो स्कॅन केले, घरोघरी परत नेऊन दिले. लोक मोटारीवरून साल विचारतात. फियाटचे पुढचे दरवाजे उलटे उघडत असतील तर फोटो डिलाइटच्या आधीचा. नंबरप्लेटवर नाशिकचं एमएच १५ दिसलं तर १९८९ नंतरचा. पण मी त्यांना मागे बघायला सांगतो. मागे व्हिक्टोरिया पुलावरची बैलगाडी असते, ओट्यावर तांदूळ निवडणारी बाई असते. तिचं नाव सांगणारं घरात आता कुणी उरलेलं नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. कितीतरी आल्बम तर मी पोचायच्या आत रद्दीत गेले. आपला तो पोर्चही पाडला, नळाच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवले. परवा तिथे उभा राहिलो आणि पाय निघेना.

स्मरणिका समितीनं सरांचा फोटो मागितला. शोधून सापडेना, कारण सगळ्यांचे फोटो काढणारे तेच. त्यांच्या मुलीनं विश्वासानं निगेटिव्हचा पत्र्याचा डबा माझ्याकडे दिला. त्यात फियाटची निगेटिव्ह निघाली. सहा सेंटिमीटरच्या छोट्या फोटोत ते दार नुसतंच काळं दिसायचं. स्कॅन करून मोठं केलं आणि खुर्चीतून उठून उभाच राहिलो. पुसलेल्या दारात पांढरा सदरा, पायजमा, डोळ्याला कॅमेरा लावून वर उचललेली दोन्ही कोपरं. आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्या कोपराएवढा, गाल फुगवून उभा असलेला एक मुलगा.

पन्नास वर्षं मी त्या मोटारीमागे बघत होतो.

त्या फोटोची प्रत समितीला दिली आहे. पाठीवर, कडेला, मऊ पेन्सिलनं लिहिलं आहे: २६ जानेवारी १९७२, सर आणि मी.