मेलरोजहून आषाढात

पालख्या पुण्यात पोचल्या तेव्हा मी एडिंबऱ्यात नातीच्या दुपट्यांच्या घड्या घालत होते. फोनवर आमच्या दिंडीतल्या बायका दिवे घाट चढताना दिसायच्या, मग नेट जायचं. चार दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. शेवटी सूनच म्हणाली, "आई, इथंही पायी जायची एक वाट आहे. जाऊया आपण दोघी. बाळाला तिचा बाबा बघेल."

संत कथबर्टची वाट. मेलरोजहून निघायचं आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्न बेटावर पोचायचं, जवळपास 100 किलोमीटर. आम्ही स्कॉटलंडातला निम्मा भागच चालायचा ठरवला, कर्क येटम गावापर्यंत. कथबर्ट मूळचा मेंढ्या राखणारा पोरगा. 651 साली एका रात्री मेंढ्यांजवळ जागा असताना त्याला आभाळात उजेड दिसला, देवदूत कुणाचा तरी आत्मा वर नेताना दिसले, आणि तो मेलरोजच्या मठात दाखल झाला. हे ऐकल्यावर मी पिशवी भरली. मेंढरं राखणाऱ्याला देव भेटतो हे मला कुणी पटवून द्यायला नको.

मेलरोजचा पडका मठ, तिथं पुरलेलं स्कॉटलंडचा जुना राजा रॉबर्ट ब्रूस याचं हृदय, सगळं बघून झालं. आयल्डनच्या डोंगरांमधली खिंड चढलो. पलीकडे बोडेन गाव, मग ट्वीड नदीचा काठ. खांबाखांबावर कथबर्टचा क्रूस कोरलेला, तो बघत जायचं. इथंच माझं डोकं फिरायला लागलं. वारीत वाट शोधावी लागत नाही. पुढच्या बाईच्या टाचा बघत चाललं की संध्याकाळी मुक्काम येतो. इथं पुढं कुणीच नाही. फाट्याफाट्याला सून थांबणार, फोन काढणार, नकाशा फिरवणार. त्यात त्या फोनमधली बाई दर मैलाला इंग्रजीत ओरडायची. शेवटी म्हटलं, "तिला गप्प कर, नाहीतर मी हरिपाठ म्हणणार नाही." सून म्हणाली, "म्हणा की, मी टाळ्या वाजवते." वाजवल्या. ठेका चुकत होता. ताल चुकला की माझे पाय अडखळतात. मी मुकाट चालायला लागले.

मॅक्स्टनच्या पुढं रोमन लोकांनी बांधलेला रस्ता लागतो, डियर स्ट्रीट. हजारो सैनिक गेले असतील त्यावरून, आता गवत आणि दोन्ही बाजूंना झाडांची रांग. सरळसोट, संपता संपत नाही. डाव्या टाचेला मघापासून काहीतरी होत होतं. बूट नवे, सुनेनं स्वतःच्या पायावरून अंदाज घेऊन आणलेले. दुकानदारानं सांगितलं म्हणे, दोन दिवसांत सैल होतात. वारी मी आजवर साध्या चपलांत केली.

वाटेत लिलियर्डचा दगड आहे. 1545 साली इथं इंग्रजांशी लढाई झाली. दगडावर लिहिलंय की लिलियर्ड नावाची मुलगी त्यात लढली आणि पाय तुटले तेव्हा खुंटांवर उभी राहून लढली. जाणकार ही गोष्ट खरी मानत नाहीत. मी त्या दुपारी शंभर टक्के मानली.

मग जंगल सुरू झालं. बीचची झाडं इतकी दाट की पाऊस उघडून अर्धा तास झाला तरी खाली थेंब पडतच होते. बीचच्या सावलीत फारसं काही उगवत नाही. नुसता तांबूस पाचोळा, त्यात पाय रुततो. उजेड हिरवा. पुढं लार्च आणि पाइन लागले, तिथं नेचा कमरेइतका वाढलेला, कडेला फॉक्सग्लोव्हचे जांभळे तुरे. "हात लावू नका, विषारी आहे," सून. कुठंतरी पारवे घुमत होते. एरवी मी अशा जागी तासभर बसले असते. पण टाचेत आता आग होती, आणि मला त्या हिरव्या शांततेचा राग यायला लागला. चहाची किटली घेऊन उभा असलेला कुणी नाही, पाय चेपून देणारा नाही, पत्र्याच्या शेडमधला दवाखाना नाही. विठोबा, इथं कशाला आणलंस?

झाडी संपते तिथं तारेचं कुंपण होतं. त्याला टेकून बसले आणि बूट काढला. रुपयाएवढा फोड, फुटलेला. सुनेनं लावलेली पट्टी गोळा होऊन मोज्याला चिकटलेली. उजव्या टाचेवर दुसरा, अजून न फुटलेला. त्यासाठी मी सुनेकडे सुईदोरा मागितला. आमच्यात फोडातून दोरा ओवून तसाच ठेवतात, पाणी निघून जातं. सून किंचाळलीच, "आई, इन्फेक्शन होईल!" आमची तिथं चांगली जुंपली. मराठीत, मोठ्यानं.

तो आवाज ऐकूनच म्हातारा आला असावा. शेतात फिरवायची छोटी चारचाकी, मागे काळंपांढरं कुत्रं. मला वाटलं, हाकलणार. सून मागाहून म्हणाली की इथं हाकलता येत नाही. 2003 च्या कायद्यानं नीट वागणाऱ्या कुणालाही रानाशेतातून जायचा हक्क आहे. तो माझ्या टाचेकडे बघून "आय", म्हणजे इथलं "हो", म्हणाला आणि कुंपणाकडे गेला. तारेच्या काट्यांना मेंढ्यांची लोकर अडकली होती, तिचे पुंजके वेचायला लागला. बराच वेळ. त्यातल्या काड्या काढल्या, बोटांनी पिंजली, चपटी घडी केली आणि माझ्या हातात दिली. सुनेला म्हणाला, फोडावर नाही, भोवतीनं ठेवा, मग वरून मोजा चढवा. बूट मी कसाबसा चढवला, पण पाठीवरच्या ओझ्यासकट वाकता येईना. तर तो गुडघ्यावर बसून नाडी बांधायला लागला.

मी पाय मागे ओढला. वारीत अनोळखी माणसांनी माझे पाय दाबलेत, तेल लावलंय. पण तिथं ते तुमच्याकडे बघतही नाहीत, तुमच्यामागे हजार पाय रांगेत असतात, आणि त्या सेवेचं ओझं सगळ्यांत वाटलं जातं. इथं पाय एकटीचाच होता. तो म्हातारा मान खाली घालून दुहेरी गाठ मारत होता, हाताला मेंढ्यांचा वास. लोकरीचा तो तेलकट, ओला वास. आमच्या घरच्या घोंगड्याचा, काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या पळतात तेव्हा धुळीत मिसळून येतो तो. माझ्या तोंडून "माउली" गेलं. त्याला काय कळणार? त्यानं नुसती मान हलवली.

सुनेनं त्याला त्या रिंगणाचं सांगितलं, की मेंढ्या पालखीभोवती गोल धावतात. तो विचारात पडला. मग विचारलं, "आणि कुत्र्याशिवाय?" उत्तर ऐकून त्यानं आपल्या कुत्र्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं. जाताना म्हणाला, लोकर हवी तितकी घ्या, कातरणीचा खर्चसुद्धा निघत नाही तिच्यातून. आमच्याकडचे धनगरही हेच म्हणतात.

टाच दुखायची थांबली नाही. पण चालता आलं. टेव्हियट नदीवरचा झुलता पूल, सेसफर्डचा पडका किल्ला, मोअरबॅटल, कुठल्या दिवशी काय ते आता सांगता येणार नाही. दर कुंपणापाशी मी लोकर वेचत होते आणि सून वैतागत होती.

एकादशीला वाइडओपन हिल चढलो, 368 मीटर, या वाटेतला सगळ्यात उंच माथा. वारा असा की पदर असता तर उडून गेला असता. शेंगदाणे आणि खजूर खाल्ले. सुनेनं चीज सँडविच काढलं, मग माझ्याकडे बघून परत ठेवलं. "खा गं," म्हटलं, "तुला कुणी उपास सांगितलाय?" तिनं तरी नाही खाल्लं. थोड्या वेळानं, न सांगता, टाळ्या वाजवायला लागली. ठेका अजून चुकीचाच होता. मी त्याच ठेक्यावर म्हटलं.

कर्क येटमला खाणावळीत चिप्स मागवायचा विचार होता. सुनेनं चौकशी केली तर मासे तळतात त्याच तेलात. मग उकडलेले बटाटे आणि लोणी. दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं ओटच्या लापशीनं सोडलं, वर दूध आणि थोडं मीठ. मीठ मला आवडलं.

केल्सोच्या बसला वेळ होता. सून सप्टेंबरच्या तारखा बघत बसली. उरलेली वाट इंग्लंडातली, शेवटी समुद्राच्या वाळूतून खांबांच्या ओळीनं बेटावर जायचं, तेही ओहोटी बघूनच.

"येणार ना, आई?"

"बूट मात्र मी स्वतः घालून बघणार," म्हटलं.