तेलाचे डबे आणि आरे-वारेचा चढ

अखेर आज सामान ठेवायचे डबे सायकलला लागले! खानावळीतून खाद्यतेलाचे 15 लिटरचे दोन रिकामे चौकोनी कॅन आणले होते. खाली त्रिकोणात 2 आकडा, म्हणजे एचडीपीई प्लास्टिक, चिवट माल. चार दिवस गरम पाणी नि राखेने घासले, तरी मुंग्यांना पत्ता लागतोच.

वरचा भाग कापून झाकणासारखा उलटा दुमडला. कॅरिअरला अडकवायला दोन-दोन हूक, आतून रुंद वॉशर (नुसत्या नटाने प्लास्टिक फाटतं, पहिला डबा असाच गेला), खालून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. नटबोल्ट स्टेनलेसचेच. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात साधे एका पावसात गंजतात.

आई म्हणाली, "रॉकेल विकायला निघालास काय रे?"

रत्नागिरीहून निघालो, तर शिरगावातच प्रत्येक पायडलला टाच डब्यावर ठक ठक. उतरलो, हूक चार बोटं मागे सरकवले, गप्प झालं. येताना मात्र माती खाल्ली. नेवऱ्यातून घेतलेले पाचही नारळ डावीकडे कोंबले. आरे-वारेच्या चढावर सायकल अशी झुकायला लागली की पर्यटकांच्या गाडीने हॉर्न मारमारून जीव घेतला. खाली समुद्र दिसत होता, पण बघतोय कोण! तीन नारळ उजवीकडे टाकले तेव्हा कुठे हँडल सरळ राहिलं.

आता पावसाआधी तळाला पाणी निघायला भोक पाडायचंय. एक डबा शेजारच्या काकांनी आत्ताच मागितलाय, मासळीसाठी. देणार नाही.