रझाकारीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करताना

१९४८ साली दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज नव्वदीच्या घरात आहेत. हैदराबादच्या निजामाचं राज्य आणि त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार डोळ्यांनी पाहिलेली ही शेवटची माणसं. म्हणून मी धाराशिव-लातूरकडच्या गावांत जाऊन त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला लागलो.

तारखा विचारून हाती काही लागत नाही. ‘रझाकारांच्या भीतीनं गाव कधी सोडलं?’ म्हटलं की म्हातारी माणसं गप्प होतात. ‘ज्वारीची रास घरात आली होती का तेव्हा?’ असं विचारलं की सगळं येतं: धान्याचं जमिनीतलं पेव कसं बुजवलं, वरून सारवून त्यावर चूल कशी मांडली, गुरं कुणाच्या हवाली केली, रातोरात निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं कसे निघाले. बायकांना हे जास्त आठवतं, पण त्यांना बोलू देणं अवघड. ‘आईला आता काही आठवत नाही’ म्हणत मुलगाच ऐकीव हकिगत सुरू करतो. त्याचं म्हणणं मी नंतर वेगळं घेतो. आजींशी बोलायला सकाळची न्याहारी झाल्यावर, घरातले पुरुष रानात गेले की बसतो.

१३ सप्टेंबरला भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. बहुतेकांची गोष्ट इथं संपते. मुसलमान घरांतली इथून सुरू होते. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे या लष्करी कारवाईच्या काळात आणि त्यानंतर संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असा भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव होता. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आला नाही. एका चाचींनी त्यांना कडब्याच्या गंजीत लपवणाऱ्या पाटलिणीचं नाव आवर्जून सांगितलं. मारेकऱ्यांची नावं आली तेव्हा मात्र यंत्र बंद करायला लावलं. ‘त्यांची नातवंडं शेजारी राहतात, बाबा.’ ती नावं मी कुठंही लिहिलेली नाहीत.

हा दुसरा भाग गाळ, उगाच जखमा उकरू नको, असं मला जवळच्यांनीही सांगितलं. मला ते पटत नाही. पेवावर चूल मांडणाऱ्या आजी आणि गंजीत लपलेल्या चाची एकाच शिवारातल्या. दोघींचं बोलणं त्यांच्याच बोलीत, शब्दही न बदलता उतरवून एकाच गावाच्या नावाखाली ठेवलं आहे, आणि ज्याची त्याची प्रत घरी पोचवली आहे.