ऑक्लूजन नेमकं कोणतं?

मी थ्रीडी रेंडरिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर खोल्यांची खरी वाटणारी चित्रं बनवतो, धरमपेठेत छोटंसं ऑफिस आहे, तर आमच्याकडे ऑक्लूजन, म्हणजे अडणं, बंद होणं किंवा झाकलं जाणं, हा दिवसभराचा शब्द. सोफ्याखाली, भिंतीच्या कोपऱ्यात, दाराच्या फटीत उजेड कमी पोचतो ना, तिथे जी काळसर छटा येते ते अँबिएंट ऑक्लूजन. ते बंद केलं की सोफा फरशीला टेकलेला वाटतच नाही, तरंगून राहिला असं दिसते, क्लायंटला कारण सांगता येत नाही पण तो बरोबर म्हणतो, "भाऊ, काहीतरी नकली वाटून राहिलं."

मग सासऱ्यांच्या अँजिओग्राफीच्या रिपोर्टवर क्रॉनिक टोटल ऑक्लूजन असं लिहून आलं आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. डॉक्टर म्हणाले, नस पूर्ण बंद आहे, पण तीन महिने किंवा त्याहून जुना ब्लॉक असला तरच आम्ही त्याला क्रॉनिक म्हणतो, आणि तेवढ्या काळात बाजूच्या बारीक नसा रुंदावून थोडंफार रक्त पोचवायला लागतात. अचानक बंद पडलेली नस म्हणजे वेगळंच प्रकरण, तिथे धावपळच करावी लागते. नंतर वॉर्डात सलाइनच्या पंपावर लाल लाइट लागून तो टीं टीं करायला लागला, स्क्रीनवर पुन्हा तोच शब्द, सासूबाई ओरडल्याच. सिस्टर आली, बाबांचा वाकलेला हात सरळ केला, नळी मोकळी झाली, पंप गप्प. झालं, एवढंच.

दातांच्या डॉक्टरकडे तर याच्या उलटंच, तिथे ऑक्लूजन ही बिमारीच नाही. वरचे खालचे दात एकमेकांवर कसे बसतात त्याचं ते नाव, बिघडलं तर मॅलऑक्लूजन, आणि १८९९ मध्ये एडवर्ड अँगलने दाढांवरून त्याचे जे तीन वर्ग पाडले ते अजूनही चालतात. फिलिंग झाल्यावर निळा कागद दातांत धरायला लावतात, "टकटक करा, आता घासा", मग जिथे गडद निळा ठिपका पडला तिथे फिलिंग उंच, तेवढं घासून काढायचं.

हवामानवाल्यांचं ऑक्लूजन आपल्या नागपूरच्या पावसात शोधू नका. थंड प्रदेशातल्या वादळांत मागून येणारा थंड फ्रंट, म्हणजे थंड हवेची पुढची कड, पुढच्या गरम फ्रंटला गाठतो आणि मधली गरम हवा जमिनीवरून वर उचलली जाते, पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या बर्गेनमधल्या लोकांनी हे मांडलं. केमिस्ट्रीत १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहमने पॅलेडियम धातू हायड्रोजन पोटात घेतो त्याला हाच शब्द वापरला, आणि घेतो किती तर स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट! इथे अडलं काहीच नाही, उलट आत शिरलं. असो.

सगळ्यात गंमत डोळ्यांच्या ओपीडीत. रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची, मुख्य धमनी बंद झाली तर ते ऑक्लूजन, दुखत नाही पण दिसणं एकदम जाते, तेव्हा एक मिनिट न घालवता दवाखाना गाठायचा. आणि शेजारच्याच खोलीत लहान पोराच्या आळशी डोळ्यावर उपचार चालू, त्याचंही नाव ऑक्लूजन थेरपी, फक्त पट्टी चांगल्या डोळ्यावर लावतात म्हणजे मेंदूला कमजोर डोळा वापरावाच लागतो. आमच्या बिल्डिंगमधल्या आजी नातवाला तसं बघून रोज सुनेशी भांडतात, "काऊन वो, धडका डोळा झाकून काय ठेवला पोराचा?"