वरची कोथिंबीर

गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात अर्धा किलो गिलकी घेतली की मावशी पिशवीचं तोंड बंद होण्याआधी वरून चार हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन-चार काड्या टाकते. माती चिकटलेली मुळं, एखादं पिवळं पान. किंमत काढली तर रुपया-दोन रुपये. तरी बाई कशा खुशीत पुढच्या पालाकडे वळतात!

वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींवर (डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या पेशींवर) फार सुरेख काम केलंय. ध्यानीमनी नसताना फळांचा रस मिळाला की त्या पेशी उसळायच्या. पुढे खूण दिसली की रस येतो, हे माकडाला कळलं. मग पेशी खुणेलाच उसळू लागल्या, प्रत्यक्ष रस आला तेव्हा ढिम्म! आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर नेमक्या त्या क्षणी एरवीपेक्षाही गप्प. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत १९९७ साली त्याने याचा अर्थ मांडला: मिळालं किती, याच्याशी या पेशींना फारसं देणंघेणं नाही, वाटलं होतं त्यापेक्षा किती जास्त किंवा किती कमी, एवढाच त्यांचा हिशेब.

म्हणून रोजच्या गिऱ्हाइकाला कोथिंबिरीचं काही वाटत नाही. ती हक्काची झालेली असते. पण पावसात जुडी कडाडली आणि मावशी म्हणाली, “आज नाही ताई, लई महागलीय,” की बघा. गिलकी तीच, भाव तोच, वजनही चोख. आणि ताईंचा चेहरा पाकीट मारल्यासारखा. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच लिहून ठेवलंय की तेवढ्याच फायद्याच्या आनंदापेक्षा तोटा जास्त बोचतो. इथे तर तोटा फुकटच्या वस्तूचा!

मुरलेल्या मावशा मात्र (माझं निरीक्षण हं) रोज एकच वस्तू देत नाहीत. कधी कढीपत्ता, कधी आल्याचा तुकडा, कधी काहीच नाही. गिऱ्हाईक आपलं पिशवी उघडी धरून उभं.

परवा माझ्या पुढच्या काकूंनी मिरच्या, कोथिंबीर दोन्ही पदरात पाडून घेतलं आणि हळूच विचारलं, “आणि लिंबू?”

“ते विकायला आहे,” मावशी म्हणाली.