तुम्ही विचारलंत म्हणून: फंडातले पैसे पोराला का दिले नाहीत?

सरळ विचारणारे थोडे. बाकीचे आडून येतात. "पोरगं अजून भाड्यानंच राहतंय व्हय पुण्यात?" रंकाळ्यावर सकाळी फिरताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर पंचगंगेच्या घाटावर, एकाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळे उभे असताना. त्यानं फ्लॅट घेतल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. उलट आता थेट विचारतात, "तुम्ही किती घातलासा?"

काहीच नाही. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच विचारता.

विचारणाऱ्यांत निम्मे मास्तर आणि जिल्हा परिषदेतले. त्यांना दर महिन्याला पेन्शन, वर महागाई भत्ता. रिटायरमेंटला मिळालेली रक्कम त्यांना वरकड वाटली तर नवल नाही. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये ३५ वर्षं काढली. पॅटर्न म्हणजे ओतकामाआधी वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना. माझी पेन्शन ईपीएस ९५ ची, म्हणजे खासगी नोकरीतल्यांना फंडाबरोबर असते ती योजना. तिचा हिशोब असा: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. आता तुमचा पगार काहीही असू दे, धरतात जास्तीत जास्त १५,०००, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५००. योजनाच नोव्हेंबर १९९५ मध्ये सुरू झाली. सगळं करून महिन्याला चार हजारांच्या थोडं वर पडतात. महागाई भत्ता नावाची गोष्ट नाही. आज जेवढी आहे तेवढीच मी ऐंशी वर्षांचा झालो तरी राहणार.

म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे ३६ लाख आले, तीच माझी पेन्शन. त्यातले ६ लाख दवाखान्यासाठी बाजूला काढले, कारण कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपला. हिला साखर आहे, आणि नवीन पॉलिसी जुन्या दुखण्याला सुरुवातीची काही वर्षं हात लावत नाही. उरले ३० लाख. २०२३ च्या एप्रिलपासून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा १५ वरून ३० लाख झाली होती, व्याज ८.२ टक्के. तीन महिन्यांनी ६१,५००. महिन्याला २०,५०० पडले. पेन्शन धरून साडेचोवीस हजारांच्या आसपास. दोन माणसं, स्वतःचं घर, मंगळवार पेठ. भागतं.

पोरानं १५ लाख मागितले होते. दिले असते तर त्यातले १०,२५० महिन्याला गेले असते. झाला हिशोब. इथं बहुतेकांना मी सोडून देतो आणि ते मान डोलावतात.

पण हिशोब हे पूर्ण उत्तर नाही, हे मला माहीत आहे. ज्या रविवारी हे घडलं त्या रविवारीही माहीत होतं.

तेव्हा नियम असा होता की साठ पूर्ण नसलेल्या माणसानं रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून महिन्याभरात या योजनेत भरायचे. (आता मुदत ३ महिने आहे. माझ्या वेळी नव्हती.) मी अठ्ठावन्नचा. महिना संपायला चार दिवस होते, सोमवारी पोस्टात जायचं ठरलेलं, फॉर्म भरून फोटो चिकटवून तयार. शनिवारी रात्री पोरगा आणि सून पुण्याहून आले. न सांगता. हिला आनंद झाला, मला वास आला.

रविवारी मटण. तांबडा, पांढरा, सगळं साग्रसंगीत. ताटं उचलायच्या आधीच पोरानं लॅपटॉप उघडला. वाकडचा थ्री बीएचके, ७५ लाख. बँक ८० टक्के देते, वरचे १५ लाख आपले. सुनेच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट, तेही त्यानं काढून ठेवलेलं. भाडं २८,००० जातंय ते वाचणार. पोरगं माझंच, कागद पक्का करून आलेलं. स्क्रीनवर घराचा नकाशा होता, आणि एका खोलीत त्यानं स्वतः टाइप करून घातलं होतं: आई-बाबा.

"ही तुमची खोली," तो म्हणाला. "दोघं इकडं एकटे राहून काय करणार? तिकडं हॉस्पिटलं जवळ आहेत. पैसे पोस्टात ठेवून व्याज खायचं, त्यापेक्षा जागेत घातलेले काय वाईट?"

मी म्हणालो, "दुधाचे पैसे तुझ्याकडं मागायचे व्हय मी?"

"दुधाचे? बाबा, मी १५ लाखांचं बोलतोय."

"मी दुधाचंच बोलतोय."

त्याला काही कळलं नाही. कळणार कसं, मी कधी सांगितलंच नव्हतं. तो परत आकड्यांवर आला. खातं दोन वर्षांनी मोडलं तरी फक्त १ टक्का कापतात, म्हणजे आता भरा, पुढं काढून द्या, तोवर मी बघतो काहीतरी. हे त्याचं बरोबर होतं. ३० लाखांवर ३०,०००. एवढ्यासाठी कुणी पोराला नाही म्हणत नाही. म्हणजे दंड हे माझं कारण नव्हतं, आणि ते त्याच्यासमोर उघडं पडलं. मी नुसता 'नाही' म्हणून बसलो. कारण न देता म्हटलेला नकार ऐकणाऱ्याला आपली किंमत केल्यासारखा वाटतो, हे त्या वेळी त्याच्या तोंडावर दिसत होतं आणि तरी मला पुढं बोलता येईना.

सून तोपर्यंत गप्प होती. ती एवढंच म्हणाली, "आम्ही मागितले नव्हते बाबा. विचारलं होतं."

ही ताटं उचलून आत गेली. चारच्या सुमारास ते निघाले. हिनं रश्श्याचा डबा भरून पिशवीत घातला होता, तो ओट्यावरच राहिला. सोमवारी तोच रस्सा भाताबरोबर खाऊन मी पोस्टात गेलो.

आता दुधाचं.

माझे वडील रिटायर झाले तेव्हा मिळालेले सगळे पैसे त्यांनी थोरल्या भावाच्या टेम्पोला दिले. टेम्पो चांगला चालला, भाऊ काही बुडवा नव्हे, त्यानं आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं. तक्रारीला जागा नाही. वडील रात्री जेवून गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जायचे. म्हैस समोर पिळतात, फेसाळ दूध ग्लासात. तालमीतले पाचसहा म्हातारे, रोज एकाची पाळी पैसे द्यायची. मी तेव्हा नवा नोकरीला लागलेलो, शिफ्टवरून येताना त्यांना बघायचो. पुढं लक्षात आलं की ज्या दिवशी त्यांची पाळी असेल त्या दिवशी वडील घरीच असायचे. "पोट बरं नाही" म्हणायचे. चादर ओढून भिंतीकडं तोंड. दुसऱ्या दिवशी परत कट्ट्यावर. पैसे भावाकडं मागितले असते तर त्यानं दिले असते, माझ्याकडं मागितले असते तर मी दिले असते. त्यांनी मागितले नाहीत आणि मी विचारलं नाही.

हे मी भावाला एकदाच बोलून दाखवलं, पोस्टाच्या भानगडीनंतर. तो माझ्याकडं बघतच राहिला. "लेका, त्यांना दूध सोसत नव्हतं. डॉक्टरनं बंद करायला सांगितलं होतं. कुणाचं ऐकत नव्हते, चार दिवस प्यायचे आणि एक दिवस पडायचे."

मग मी एवढी वर्षं काय बघत होतो? कदाचित भाऊ म्हणतो तसंच असेल. कदाचित दोन्ही असेल. आणि खोलात जाऊन बोलायचं तर वडिलांना हात पसरायची लाज वाटत होती की मलाच बघताना वाटत होती, हेही मला आता सांगता येत नाही. पण भावाचं ऐकून मी पोस्टातलं खातं मोडायला गेलो नाही, हेही खरं.

पोरानं दोन वर्षांनी रावेतला वन बीएचके घेतला. त्याच्या सासऱ्यांनी हातभार लावला. वास्तुशांतीला आम्ही गेलो, हॉलमध्ये गादी घालून झोपलो. पोरगा नीट बोलतो. दर रविवारी फोन असतो, पण हिच्या फोनवर येतो.

"मग पैसे ठेवून करता काय?" हाही प्रश्न असतो पाठोपाठ. ऐश नाही करत. आठवड्यातल्या दोन सकाळी उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये बसतो. पोरं कॉम्प्युटरवर थ्रीडी काढतात, मशीन कोरून देतं, काम माझ्यापेक्षा साफ. पण पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड तुटणार की नाही, कुठल्या अंगाला जास्त उतार द्यायचा, हे अजून बोट फिरवून सांगतो. मालक माझ्या हाताखाली शिकलेला, जे काही पाकिटात घालून देतो ते मोजत नाही. ओतीव लोखंड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. त्याची वेगळी पट्टी मिळते. म्हातारपणाच्या पैशाला तशी पट्टी मिळत नाही, म्हणून मी अंदाजानं जरा जास्तच ठेवलेत, असं तिथल्या पोरांना सांगतो. ती हसतात.

डिसेंबर ते मे शाहू स्टेडियमवर फुटबॉल. पेठेची मॅच असेल त्या दिवशी घरात मला कामाला लावायचं नाही, एवढा एक नियम. सामना हरला की आठवडाभर कुणाशी बोलायचं नाही, हाही. एसटीची अर्ध्या तिकिटाची सवलत मला पासष्टीनंतर, हिला आत्ताच आहे. त्यामुळं ही एकटी ज्योतिबाला जाऊन येते आणि परत आल्यावर माझ्या तिकिटाचे किती वाचले ते सांगते.

हिच्याबद्दल तुम्ही कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्या रविवारी ती आत गेली ती कुणाच्या बाजूनं, हे मी धरूनच चाललो होतो की माझ्या. मागच्या दिवाळीत फराळ करताना म्हणाली, "तुम्ही रिटायर झालासा. मी कधी व्हायची?" मी म्हणालो, तुला काय कमी आहे. ती म्हणाली, "खातं तुमच्या नावावर, मी नॉमिनी. म्हणजे तुम्ही गेल्यावर माझी रिटायरमेंट."

मग चकली तळत तळतच म्हणाली, २०२८ ला पाच वर्षं पुरी झाली की निम्मे माझ्या नावावर करा.

"तू कुणाला देणार?"

"ते कशाला विचारतासा? तुम्ही मला विचारलं होतं?"

मुदत संपल्यावर खातं आणखी ३ वर्षं वाढवता येतं, असं मी म्हणालो. तिला ते माहीत होतं.