शिक्षेच्या फेऱ्या

‘सर, चांगला खेळाडू चांगला कोच होतोच का हो?’ संध्याकाळी मी मुलांना फुटबॉल शिकवत असतो, तेव्हा मैदानाच्या कडेला उभे असलेले पालक हे हमखास विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. होतो, पण खेळाडू म्हणून कमावलेलं त्याला तिथे फारसं कामाला येत नाही. माझ्या डोळ्यांसमोर असतात ते जर्मन कोच युप हाइंकेस.

म्योन्शनग्लाडबाखमधल्या एका लोहाराच्या दहा मुलांतले हे नववे. गिलाव्याचं काम शिकलेले. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या मुख्य लीगमध्ये, ३६९ सामन्यांत २२० गोल. १९७८ साली शेवटचा लीग सामना खेळले तेव्हा त्यांच्या गावच्या ग्लाडबाख क्लबने डॉर्टमुंडला १२-० हरवलं, त्यातले ५ गोल यांचे! पुढच्याच वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, त्याच क्लबचे कोच झाले. नंतर बायर्न म्युनिकला लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली, तरी १९९१मध्ये त्यांना काढलं. ती आपली सर्वांत मोठी चूक होती, असं बायर्नचे ऊली होनेस पुढे स्वतःच म्हणाले.

पण मला बोलायचंय ते फ्रँकफर्टच्या क्लबबद्दल, तिथेही ते कोच होते. डिसेंबर १९९४. सरावात अंग चोरलं म्हणून हाइंकेसनी येबोआ, ओकोचा आणि गाउडिनो या तिघांना जादा पळायला लावलं. तिघांनीही पुढचा सामना खेळायला नकार दिला. हाइंकेसनी त्यांना संघाबाहेर काढलं. येबोआ आणि गाउडिनो इंग्लंडला गेले, आणि हंगाम संपायच्या आत हाइंकेसनीही क्लब सोडला. त्यांचं चुकलं, असं माझं स्पष्ट मत आहे. शिस्त हवीच, पण तिघांना एकदम दूर करून ती कसली राखली?

हे मी एवढ्या ठामपणे बोलतो, कारण मीही तेच केलंय. चौदा वर्षांचा एक मुलगा उशिरा आला म्हणून त्याला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या. एक शब्द न बोलता तो दहाही फेऱ्या पळाला. मग कडेला बसून त्याने बूट काढले, एकमेकांवर आपटून चिखल झाडला, पिशवीत भरले आणि गेला. परत आला नाही. उशीर का झाला, हे मी विचारलंच नव्हतं.

१९९८मध्ये हाइंकेसनी रेआल माद्रिदला ३२ वर्षांनी युरोपचा करंडक जिंकून दिला आणि तिथूनही त्यांना जावं लागलं. २०११मध्ये ते पुन्हा बायर्नला आले, तेव्हा वय ६६. पहिल्या हंगामात लीग, जर्मन करंडक, चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरे. म्युनिकमध्येच झालेल्या चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे त्याच युरोपच्या करंडकाच्या, अंतिम सामन्यात बायर्नच्या रॉबेनची पेनल्टी अडवली गेली होती. दुसऱ्या हंगामात तोच रॉबेन आणि रिबेरी, दोघेही मोठे मानी, चेंडू गेला की धावत मागे येऊन बचाव करू लागले. हे शिक्षेने होत नाही. बाकावरच्या खेळाडूलाही आपण मोजले जातो असं वाटावं लागतं, आणि हाइंकेस तेवढा वेळ प्रत्येकाशी बोलत. ३४ सामन्यांत त्या संघाने फक्त १८ गोल खाल्ले. लीग नक्की झाली ६ एप्रिल २०१३ला, आणि तीही फ्रँकफर्टमध्ये! पुढे लंडनच्या वेम्बली मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात ८९व्या मिनिटाला रिबेरीने टाचेने हलकेच सरकवलेल्या चेंडूवर रॉबेनने गोल केला. आठवड्याभरात जर्मन करंडकही आला.

त्या वेम्बलीच्या एक आठवडा आधी हंगामातला शेवटचा लीग सामना होता, ग्लाडबाखमध्येच. बायर्न ४-३ जिंकलं. सामन्यानंतर पत्रकारांसमोर हाइंकेसच्या बायर्नमधल्या निरोपाचा विषय निघाला. ६८ वर्षांचे हाइंकेस बोलायला लागले आणि त्यांचा आवाज फुटेना. डोळे भरून आले होते. ते त्यांनी लपवले नाहीत.